आतड्याची लय कोणाची आणि हुकूम कोणाचा: कोंबडीच्या आतड्यावर करून पाहायचा प्रयोग

शरीरातून कापून वेगळा केलेला आतड्याचा तीन सेंटिमीटरचा तुकडा मेंदूशी, मज्जारज्जूशी, रक्ताशी काहीही संबंध न उरता तासन्‌तास आपल्या तालात आखडत आणि सैल पडत राहतो. त्याला फक्त कोमट, खारं, हवा खेळवलेलं पाणी लागतं. पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, मालवण, कुठल्याही गावातल्या विज्ञान किंवा फार्मसीच्या वर्गाला हे डोळ्यांनी पाहता येईल, आणि त्यासाठी मुद्दाम एकही प्राणी मारावा लागत नाही. चिकनच्या दुकानात जे बादलीत टाकून देतात, त्यावरच हा प्रयोग होतो. तरी कॉलेजात करणार असाल तर तिथल्या नैतिक समितीला आधी कळवा.

प्रयोगाचा हेतू एकच आहे. आतड्याची हालचाल ‘नसा करतात’ असं सरसकट सांगितलं जातं, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक लय, दुसरा हुकूम. या दोन्ही हाताने वेगळ्या करून दाखवता येतात.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात सोडून काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहा. दोराला वीस-तीस माणसं असतात. एक जण हाळी देतो आणि त्या हाळीवर सगळ्यांचे हात एकदम मागे येतात. हाळी हा ताल झाला. किती जोर लावायचा, केव्हा सैल सोडायचं, जाळं कोणत्या अंगाला घ्यायचं, हे रापणीचा जाणता ठरवतो. आतड्यात हाळी देणाऱ्या म्हणजे पेसमेकर पेशी. सांतियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या रंगवून दाखवल्या, म्हणून त्यांना काहालच्या पेशी म्हणतात. (काहालला १९०६ साली गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाबरोबर नोबेल मिळालं. मात्र या पेशी त्याला चेतापेशींच्याच जातीतल्या वाटल्या होत्या.) जाणता म्हणजे आतड्याच्या भिंतीतलं चेताजाळं. त्याचे दोन थर: उभ्या आणि गोल स्नायूंच्या मधोमध आउअरबाखचं जाळं, आणि त्याच्या आत, अस्तराच्या खाली माइसनरचं जाळं. माणसाच्या आतड्यात अशा चेतापेशी कोट्यवधी असतात. मेंदू आणि मज्जारज्जूकडून येणाऱ्या नसा या जाळ्याला वरून सूचना देतात, पण रोजचा कारभार जाळं स्वतःच पाहतं.

हाळी तयार कशी होते तेही सांगून ठेवतो, कारण पुढे कॅल्शियमचा प्रयोग त्याशिवाय कळणार नाही. काहालच्या पेशीच्या आतल्या साठ्यातून ठरावीक अंतराने कॅल्शियम सुटतं. त्याने पेशीच्या पडद्यातली क्लोराइडची दारं (आनो-१ नावाची) उघडतात, पेशीचा विद्युतदाब बदलतो आणि ही मंद लाट शेजारच्या पेशींत आणि तिथून स्नायूत पसरते. लाट पोचली म्हणजे स्नायू आखडलाच असं नाही. लाटेच्या माथ्यावर स्नायूचा विद्युतदाब पुरेसा चढला तरच स्नायूच्या पडद्यातली कॅल्शियमची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत येतं आणि आकुंचन होतं. तो दाब चढवायचा की उतरवायचा, हे नसांच्या हातात. नसांतून ॲसिटिलकोलीन सुटलं तर चढतो, नायट्रिक ऑक्साइड सुटलं तर उतरतो. ज्या उंदरांत जनुकातल्या दोषामुळे लहान आतड्याच्या स्नायूंच्या थरांमधल्या काहालच्या पेशी तयारच होत नाहीत, त्यांत मंद लाटा दिसत नाहीत. नसा मात्र जागेवर असतात. हा पुरावा १९९० च्या दशकात मिळाला आणि ‘लय कोणाची’ हा वाद तिथे बऱ्याच अंशी मिटला.

पाणी

निम्मे प्रयोग पाण्यातच फसतात, म्हणून इथे घाई नको. लागतं ते टायरोड द्रावण. एक लिटरसाठी:

सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड ०.२ ग्रॅम
मॅग्नेशियम क्लोराइड (निर्जल) ०.१ ग्रॅम, सहा पाण्याचं (लेबलवर 6H₂O) असेल तर ०.२१ ग्रॅम
सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५ ग्रॅम
सोडियम बायकार्बोनेट १ ग्रॅम
ग्लुकोज १ ग्रॅम
कॅल्शियम क्लोराइड (निर्जल) ०.२ ग्रॅम, दोन पाण्याचं असेल तर ०.२६ ग्रॅम

पाणी डिस्टिल्डच घ्या. बॅटरीत घालायचं पाणी चालतं. विहिरीचं नको, आणि घरच्या फिल्टरचंही नको, कारण त्यात कोणते क्षार किती उरलेत ते माहीत नसतं. मीठ प्रयोगशाळेतलं. शिरोड्याच्या मिठागरातलं खडेमीठ जेवणात कितीही चांगलं लागो, त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम येतं. पुडीतल्या मिठात आयोडीन आणि गोळा होऊ नये म्हणून घातलेली पूड असते.

कॅल्शियम शेवटी, आणि वेगळं विरघळवून. बाकीचे क्षार ९०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळले, त्यात दहा मिनिटं हवा सोडली, की थोड्या पाण्यात विरघळवलेलं कॅल्शियम क्लोराइड ढवळत ढवळत थेंबाथेंबाने घाला आणि मग लिटर पुरं करा. आधी घातलं, किंवा खडे तसेच टाकले, तर बायकार्बोनेट आणि फॉस्फेटशी जुळून पांढरा गढूळपणा येतो. गढूळ झालेलं द्रावण गाळून वापरायचा मोह होतो. ते ओतून द्या. गाळणीत कॅल्शियमच राहिलेलं असतं आणि आतडं हलणार नाही.

कोकणातल्या हवेची एक खास अडचण आहे. पावसाळ्यात कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीला पाणी सुटतं. तसं चिकट झालेलं मीठ तोलून ०.२६ ग्रॅम भरलं तरी त्यातलं बरंचसं वजन हवेतल्या ओलाव्याचं असतं. लहान पॅक आणा, फोडल्या दिवशीच दोन पाण्याच्या कॅल्शियम क्लोराइडचं १० टक्के द्रावण करून बाटलीत बंद करा, आणि दर लिटरला त्यातलं २.६ मिलिलिटर मोजून घाला. मॅग्नेशियम क्लोराइडचंही असंच. ग्लुकोज मात्र त्या दिवशी सकाळीच घालायचं. रात्रभर ठेवलेल्या गोड टायरोडमध्ये जंतू वाढतात.

दुकानातून आतडं आणायला टायरोड हाताशी नसेल तर औषधाच्या दुकानातली आर.एल.ची (रिंगर लॅक्टेट, एक प्रकारचं सलाईन) बाटली चालते. ५०० मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम ग्लुकोज घाला. हे फक्त वाहतुकीपुरतं, प्रयोग टायरोडमध्येच.

भांडं

काचेचं तयार ऑर्गन बाथ (अवयवाचा तुकडा द्रावणात टांगून ठेवायचं भांडं) असेल तर उत्तम. नसेल तर ५० मिलिलिटरच्या प्लास्टिक सिरिंजचा दट्ट्या काढून टाका आणि नळी उभी, तोंड खाली अशी धरा. साधारण पाच लिटरच्या प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाला भोक पाडून सिरिंजचं तोंड त्यातून बाहेर काढा आणि एम-सीलने पक्कं करा. एक दिवस वाळू द्या. खालच्या तोंडाला सलाईनच्या सेटची नळी जोडा. तिच्यावरचं फिरतं चाक हाच तुमचा नळ. ते उघडलं की सिरिंज रिकामी, बंद करून वरून भरली की नवं द्रावण. सिरिंज ४० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरायची. पुढचे सगळे डोस या ४० मिलिलिटरसाठी दिले आहेत.

डब्यात ३९ अंशांचं पाणी ठेवलं की सिरिंजमध्ये ३७ च्या आसपास राहतं. थर्मामीटर सिरिंजमध्येच धरून पाहा, डब्यात पाहून अंदाज करू नका. टायरोडची बाटलीही त्याच डब्यात उभी करा, म्हणजे धुताना थंड पाणी पडणार नाही. गरम पाणी वेगळ्या पातेल्यात तापवून वाटीवाटीने घालायचं. डब्यात गरम करायचा रॉड सोडू नका. विजेचा धक्का बसायची भीती खरी आहे. मासे पाळणाऱ्यांचा काचेचा हीटर बहुधा ३४ अंशांच्या वर जातच नाही, त्यामुळे तो पुरणार नाही.

हवेसाठी मत्स्यपेटीचा पंप आणि बारीक नळी. बुडबुडे संथ, एकेक मोजता येईल असे. लाईट जाते हे धरूनच चला: बॅटरीवर चालणारा पंप शेजारी तयार ठेवा. हवा दहा मिनिटं बंद पडली तर स्नायू कदाचित सावरेल, त्यातल्या नसा सावरतीलच असं नाही.

हालचाल दिसायला तरफ लागते. खराट्यातला कोरडा, सरळ हीर यासाठी अगदी योग्य आहे: हलका, ताठ, फुकट. ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि एका टोकापासून ५ सेंटिमीटरवर टाचणी आरपार घाला. हीर तिच्यावर विनासायास फिरला पाहिजे. भोक थोडं मोठं झालं तरी चालेल, घट्ट नको. आखूड बाजूला, टाचणीपासून ४ सेंटिमीटरवर, आतड्याचा दोरा बांधायचा. लांब टोक टाचणीपासून २४ सेंटिमीटरवर वाचायचं. म्हणजे सहापट: आतडं २ मिलिमीटर आखडलं तर टोक १२ मिलिमीटर वर जाईल. आधी आखूड टोकाला प्लास्टिसिनचा गोळा लावून हीर आडवा तोला. कणकेचा गोळा लावू नका, तो वाळून हलका होतो आणि रेषा हळूहळू सरकत जाते. मग लांब बाजूला, टाचणीपासून नेमक्या ४ सेंटिमीटरवर, अर्ध्या ग्रॅमचा गोळा चिकटवा. अंतर सारखं असल्यामुळे आतड्यावर बरोबर अर्धा ग्रॅम ताण येतो. लय दिसेना तर एक ग्रॅमपर्यंत न्या, त्यापुढे नको.

टोकामागे आलेखाचा कागद उभा करा आणि मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या. पूर्वी रेषा उमटवायला वापरत त्या काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमची गरज नाही. व्हिडिओ आठपट वेगाने चालवला की लय अशी उघडी पडते की शेवटच्या बाकावरूनही मोजता येते.

दुकानात

आदल्या दिवशी दुकानदाराशी बोलून ठेवा. रविवारी सकाळी गर्दीमुळे कोंबड्या भराभर कापल्या जातात, त्यामुळे ताजं आतडं मिळतं, पण दुकानदाराला तुमच्याकडे पाहायला फुरसत नसते. मधल्या वारी सकाळी लवकर गेलेलं बरं. श्रावणात आणि गणपतीच्या दिवसांत बरीच शटरं खाली असतात, तेव्हा प्रात्यक्षिकाची तारीख ठरवताना पंचांग पाहा.

सांगायचं एकच: आतडं पाण्याच्या बादलीत टाकू नका. साध्या पाण्यात पेशींत पाणी शिरून त्या फुगतात, आणि असं आतडं पांढुरकं, लुळं दिसतं. ते दिवसभर टायरोडमध्ये ठेवलं तरी परत येत नाही. पोट फाडल्याबरोबर आतडं सरळ तुमच्या बरणीतल्या गार द्रावणात पडलं पाहिजे. बरणी बर्फात ठेवा, द्रावणात बर्फ टाकू नका. अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोचता येईल असंच दुकान निवडा.

ताटलीत टायरोड घालून आतडं पसरा. जठरापासून निघालेला इंग्रजी यू अक्षरासारखा वेढा, ज्याच्या पोटात फिकट स्वादुपिंड असतं, तो ग्रहणी. तिथून पुढे मधल्या भागात आतड्यावर एक बारीकसा कोंब दिसतो, तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. अंड्यात असताना पिवळ्या बलकाची पिशवी तिथे जोडलेली होती, तिची ही खूण. टोकाकडे दोन लांब अंधांत्रं, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या पिशव्या. तुकडा घ्यायचा तो त्या कोंबाच्या अलीकडचा, जठराच्या बाजूचा. अंधांत्रांजवळचा नको: पक्ष्यांत खालून वर उलट्या दिशेने ढकलण्याची हालचालही नित्याची असते आणि नवशिक्याचा गोंधळ होतो.

आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात एक पांढुरकी, गाठीगाठीची दोरी आतड्याला समांतर जाताना दिसेल. ती रेमाकची नस, फक्त पक्ष्यांत असते. पडदा आतड्यालगत कापला की ती बाजूला जाते. ती गेल्यावरही आतडं नाचत राहतं, हे मुलांना तिथेच दाखवून ठेवा.

अडीच-तीन सेंटिमीटरचा तुकडा धारदार कातरीने कापा. आतला मल कोमट टायरोडने पिपेटमधून हलकेच धुऊन काढा. जोर लावला तर भिंत ताणली जाते. बोटांनी दाबून घाण काढणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. चिमट्याने धरायचं तर फक्त कडेला. सुईदोऱ्याने एका टोकाच्या कडेतून एक टाका, दुसऱ्या टोकाच्या समोरच्या बाजूच्या कडेतून दुसरा. तोंड बांधून बंद करू नका, द्रावण आतूनही खेळलं पाहिजे. खालचा दोरा सिरिंजमध्ये सोडलेल्या वाकड्या स्टीलच्या तारेला, वरचा हिराला.

प्रयोग

तुकडा बांधल्यावर अर्धा तास काहीही करायचं नाही. दर दहा मिनिटांनी द्रावण बदला, बस. पहिली दहा-पंधरा मिनिटं आतडं गप्प असतं किंवा नुसतंच हळूहळू सैल पडत जातं. मग बारीक थरथर, मग नियमित वर-खाली. पाच मिनिटांतली आकुंचनं मोजून मिनिटाला किती ते काढा. ही तुमची मूळ लय, पुढचं सगळं तिच्याशी ताडून पाहायचं.

हिराचं टोक हलतंय म्हणजे आतडंच हलतंय असं नाही. बुडबुडे दोऱ्याला धडकले तरी टोक हलतं. शंका आली तर वीस सेकंद हवा बंद करा. खरी लय चालूच राहते, बुडबुड्यांची थांबते. ही खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिला प्रयोग तापमानाचा, कारण त्यात औषध लागत नाही. डब्यातलं पाणी हळूहळू २७ अंशांवर आणा. आकुंचनांमधलं अंतर वाढत जातं. काही वेळा प्रत्येक आकुंचन उलट मोठं दिसतं. परत ३७ वर नेलं की लय परत येते. हाळी देणाऱ्या पेशीतली कॅल्शियम सोडण्या-भरण्याची क्रिया रासायनिक आहे, ती थंडीत मंदावते, याच्याशी हे जुळतं. औषधांची मोजमापं करणारे लोक हाच गुण वापरून तापमान मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्यांना ही लय अडथळा वाटते. आपल्याला तीच पाहायची आहे.

दुसरा, ॲसिटिलकोलीन. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम असं द्रावण ०.३ मिलिलिटर घाला. तुकड्यावर थेट सोडू नका, बाजूने घाला, बुडबुडे ते मिसळतील. काही सेकंदांत टोक झपकन वर जातं आणि वरच राहून थरथरतं. तीस सेकंदांनी तीनदा धुवा आणि मूळ लय परत येईपर्यंत थांबा. ॲसिटिलकोलीन साध्या पाण्यात लवकर मोडतं. मूळ द्रावण सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या ५ टक्के द्रावणात करून बर्फात ठेवा. दुपारी परिणाम होईनासा झाला तर दोष आतड्याचा नसून बाटलीचा असतो.

तिसरा प्रयोग हा सगळ्याचा गाभा. ॲट्रोपिनच्या ०.६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधून ०.१ मिलिलिटर घाला आणि तीन मिनिटं थांबा. आता मघाएवढंच ॲसिटिलकोलीन घाला. टोक जवळपास जागचं हलत नाही. नसांचा निरोप स्नायूपर्यंत पोचायची वाट बंद झाली. आणि लय? ती चालू आहे. कदाचित थोडी बुटकी झाली असेल, कारण नसांकडून मिळणारा नित्याचा आधार गेला, पण मिनिटाचा आकडा मोजा. तो फारसा बदललेला नसतो. निरोप्याचं तोंड बंद केलं तरी हाळी चालूच. ॲट्रोपिन हाताळल्यावर हात धुवा. ते बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन जवळचं धूसर दिसतं.

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारतो: ॲसिटिलकोलीन सोडून दुसरं काही नसांतून सुटत असेल तर? प्रश्न रास्त आहे. याचं खणखणीत उत्तर टेट्रोडोटॉक्सिनने मिळतं. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येणारा आणि अंग फुगवणारा केंड ज्या माशांच्या जातकुळीतला, त्यांचंच हे विष. ते नसांतली सोडियमची दारं बंद करून सगळ्या नसा एकदम गप्प करतं, आणि तरीही आतड्याच्या मंद लाटा चालू राहतात. हे संशोधन प्रयोगशाळांचं काम आहे. केंडाच्या मागे कोणी लागू नका, त्याने माणसं मरतात. वर्गात त्याऐवजी २ टक्के लिग्नोकेन ०.२ मिलिलिटर घालून पाहता येईल. ते नसा बधिर करतं, पण स्नायूलाही थोडं मंदावतं, म्हणून उंची घटली तर दचकू नका, आकडा पाहा. ॲम्प्यूलवरचं लेबल नीट वाचा. दातांच्या कामाला वापरतात त्या काही बाटल्यांत लिग्नोकेनबरोबर ॲड्रिनॅलिन मिसळलेलं असतं. ते घातलंत तर लय झोपेल आणि ‘लय नसांचीच होती’ असा उलटा निष्कर्ष वहीत जाईल.

ते का, हे चौथ्या प्रयोगात दिसतं. आतडं चांगलं धुऊन घ्या (ॲट्रोपिन निघायला वेळ लागतो, त्यामुळे शक्य तर नवा तुकडा घ्या). ॲड्रिनॅलिनचं ॲम्प्यूल दहापट पातळ करून ०.२ मिलिलिटर घाला. टोक खाली उतरतं आणि रेषा सपाट होते. भीती वाटली, धावपळ झाली की पचन बाजूला पडतं, त्याचं हे उघडं रूप. द्रावण गुलाबी झालं असेल तर ते खराब झालेलं आहे, टाकून द्या.

पाचवा: कॅल्शियम न घातलेलं टायरोड. दोन-तीनदा त्याने धुवा. आकुंचनं लहान लहान होत थांबतात. नेहमीच्या टायरोडने धुतलं की परत सुरू. हाळी पोचली तरी बाहेरच्या कॅल्शियमशिवाय हात हलत नाही.

सर्वांत शेवटी पोटॅशियम क्लोराइडचं ७.५ टक्के द्रावण २ मिलिलिटर. जिवंत स्नायू जोरात आखडतो. दिवसभर काहीच दिसलं नसेल तर हा प्रयोग आधी करा. याने आखडलं तर स्नायू जिवंत आहे आणि दोष तापमानात, ताणात किंवा कॅल्शियममध्ये शोधायचा. याने नाही आखडलं तर आतडं दुकानातच मेलं होतं.

दिशा पाहायची असेल तर

वरच्या तुकड्यात लय दिसते, पण अन्न पुढे सरकवणारी लाट, म्हणजे क्रमाकुंचन, दिसत नाही. ते नसांचं काम. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ साली मांडलं ते असं: आतडं एका जागी ताणलं गेलं की त्याच्या वरची बाजू आखडते आणि खालची सैल पडते. अस्तरातल्या विशिष्ट पेशींतून सेरोटोनिन हे रसायन सुटतं, ते नसांच्या टोकांना जागं करतं, आणि जाळं वर एक निरोप पाठवतं, खाली दुसरा.

सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा घ्या. जठराकडच्या टोकाला लांब दोरा बांधून खूण करा, नाहीतर पाच मिनिटांत कोणतं टोक कुठलं ते विसरायला होतं. कोमट, हवा सोडलेल्या टायरोडच्या ट्रेमध्ये आडवा ठेवा, खुणेच्या टोकात बारीक नळी बांधा आणि नळी टायरोड भरलेल्या सिरिंजला जोडा. सिरिंज ट्रेच्या पातळीपासून अर्धा अर्धा सेंटिमीटर वर न्या आणि प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबा. एका उंचीला आतडं आधी थोडं आखूड होतं आणि मग वरच्या टोकाकडून एक कडं खालच्या बाजूला सरकत जातं. एकदम उंच नेलं तर आतडं फुगून बसतं, लाट येत नाही. हा प्रयोग दर वेळी जमतोच असं नाही. नसा स्नायूंपेक्षा आधी मरतात, त्यामुळे लय चालू असलेल्या तुकड्यातही लाट न येणं हे नेहमीचं आहे. पण तीच गोष्ट शिकवायला उपयोगी पडते: हाळी आहे, जाणता उरला नाही.

हीच फारकत आजारांत दिसते. हिर्शस्प्रुंगच्या आजारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी जन्मतःच नसतात. तो भाग सैल पडत नाही आणि बाळाला शी होत नाही. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात काही रुग्णांच्या जठरातल्या काहालच्या पेशी कमी झालेल्या आढळतात आणि जठर वेळेवर रिकामं होत नाही. जुलाबावरचं लोपेरामाइड आतड्यातल्या चेताजाळ्यावरच बसतं. माणसात जठराची लय मिनिटाला ३, ग्रहणीची १२ च्या आसपास, लहान आतड्याच्या शेवटाला ८ ते ९. वरचा जलद भाग खालच्याला आपल्या मागे ओढतो, म्हणून लाटांचा कल पुढे जाण्याचा राहतो.

प्रकल्प करणाऱ्यांसाठी

ही मांडणी तयार झाली की कोणीतरी ओवा, कोकम किंवा शहाळ्याचं पाणी घालून पाहणारच. जरूर पाहा, पण आधी तीन गोष्टी तपासा. कोकम आंबट असतं. आम्लानेच आतडं बिघडतं, तेव्हा पीएच टायरोडइतका करून घ्या. ओव्याचा अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर तेवढंच नुसतं अल्कोहोल घालून पाहा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि पोटॅशियम काय करतं ते वर पाहिलंच आहे. तेवढंच पोटॅशियम क्लोराइड घालून तुलना केल्याशिवाय ‘शहाळ्याने आतड्याला चालना मिळते’ असं लिहू नका.

काम झालं की सिरिंज आणि नळी लगेच डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. वाळलेलं टायरोड नळीत पांढरं धरतं. कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला असू शकतात: हातमोजे घाला, टेबल ब्लीचने पुसा, आणि ताटली, कातर, पातेलं यातलं काहीही परत स्वयंपाकघरात नेऊ नका. उरलेलं आतडं पिशवीत बांधून त्याच दिवशी कचऱ्यात द्या. उघड्यावर टाकलं तर कुत्री ओढून नेतात.